खुडूक कोंबडी हा दोष नव्हे

हस्ताचा पाऊस ओसरून खळ्यावर धान्य येऊ लागले, म्हणजे परसातील एखादी कोंबडी अंडे घातल्यावर खुराड्याबाहेर यावयाचे सोडून तेथेच अंग फुलवून बसते. जवळ गेल्यास ती टोचते, आणि उचलून अंगणात टाकली तरी घटकाभराने पुन्हा आपल्या जागी जाऊन बसते. ती खुडूक झाली असे आपण म्हणतो. अशा कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवून तिला रवणीस बसविण्याची आपल्या घरांतील चाल फार जुनी आहे. अलीकडे मात्र अनेक गावी निराळाच प्रकार दिसू लागला आहे. कोंबडी खुडूक झाली की तिला बादलीत बुडवून काढतात, तिच्या नाकपुड्यांतून पीस आरपार ओवतात, नाहीतर दोन दिवस उपाशी कोंडून ठेवतात. आणि इतके करूनही ती ऐकेनाशी झाली, तर येत्या बाजारी तिला विकून टाकतात. पिले हवी असल्यास ती गाडीवरून विकावयास येणाऱ्या माणसाकडून घेतात. शेतकऱ्याच्या घरचे एक भांडवल अशा रीतीने कोणाच्या ध्यानात न येता नाहीसे होत आहे, म्हणून ह्या विषयावर चार शब्द लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, खुडूक होणे हा कोंबडीचा दोष नव्हे. लहान शेतकऱ्याच्या घरी तो अंड्याच्या बरोबरीचा गुण आहे. मात्र कोंबडी अंड्यांवर बसली म्हणजे आपले काम संपले, अशी जी आपली समजूत आहे तिच्यामुळे ह्या गुणाचे फळ आपल्या पदरात पडत नाही.

प्रथम, हा गुण दोष कसा ठरला ते पाहू. रानातील कोंबडी आपल्या पंखांखाली मावतील इतकीच अंडी घालते आणि मग घालणे थांबवून त्यांवर बसते. घरट्यात साठलेल्या अंड्यांचा पोटास स्पर्श होत राहिला, म्हणजे तिच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचा रस अधिक स्रवू लागतो. त्यायोगे अंड्यांची घडण थांबते व उबविण्याची ओढ उत्पन्न होते. ज्यांना केवळ अंडीच विकावयाची होती, त्या पाश्चात्त्य पैदासकारांना ही ओढ अडचणीची वाटली. जी कोंबडी खुडूक होईल तिची संतती पुढे चालू द्यावयाची नाही, असा क्रम त्यांनी पिढ्यानुपिढ्या चालविला, आणि पांढऱ्या लेगहॉर्नसारख्या जाती निपजविल्या. ह्या जातीच्या आजच्या कोंबड्या वर्षास तीनशेच्या आसपास अंडी देतात, परंतु उबविणे बहुतेक विसरल्या आहेत. हजारो पक्षी पिंजऱ्यात ठेवून अंड्यांचा व्यापार करणाऱ्यास हेच योग्य आहे, कारण त्याच्या पाठीशी उबवणीचा कारखाना उभा असतो. पण त्याच्या फूटपट्टीने पाच-सहा कोंबड्या बाळगणाऱ्या शेतकऱ्याने आपले परस मोजावे, हे आम्हांस मान्य नाही.

"देशी कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी घालते, तीत काय लाभ?" असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. देशी कोंबडी साधारणतः पंधरा-वीस दिवसांत बारा-पंधरा अंडी घालते. मग एकवीस दिवस ती अंड्यांवर बसते. त्यानंतर आठ-दहा आठवडे पिलांमागे हिंडते. म्हणजे एका फेऱ्यास शंभर दिवसांहून अधिक लागतात व वर्षात असे तीन फेरे होतात. यांतील दोन महिन्यांचा काळच काय तो अंडी घालण्याचा. बाकीचे सर्व वर्ष ती आपल्या पदरी उबवणी-यंत्र व दाई ही दोन कामे करीत असते. त्या कामाची मजुरी आपण कोठेच मांडीत नाही, आणि केवळ अंडी मोजून तिला आळशी ठरवितो. गाईने दूध किती दिले तेवढे मोजावे आणि कालवडीची किंमत शून्य धरावी, तसाच हा न्याय झाला.

आता ते काम किती कुशलतेचे आहे तेही ध्यानात घ्यावे. यंत्रात अंड्यांस सुमारे 37.5 अंश सेंटिग्रेड उष्णता सतत राखावी लागते. हवेतील ओल सांभाळावी लागते व शेवटच्या तीन दिवसांत ती वाढवावी लागते. गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्यास चिकटू नये म्हणून अठराव्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून अनेक वेळा फिरवावी लागतात. वीज काही तास गेली तर सर्व श्रम वाया जाण्याचा धोका असतो. खुडूक कोंबडी हे सर्व आपल्या छातीच्या उघड्या, उष्ण त्वचेने व चोचीने करते. कडेची अंडी मध्ये व मधली कडेला सारते, दिवसातून एकदा थोडा वेळ उठून दाणापाणी व विष्ठा उरकते आणि परत येते. पिले बाहेर पडण्यापूर्वी एकदोन दिवस कवचाच्या आतूनच बोलू लागतात, आणि ती त्यांस हलक्या आवाजात उत्तर देते. आईचा शब्द पिलू जन्मण्याआधीच ओळखू लागते.

जन्मल्यानंतर तर तिची योग्यता अधिकच कळून येते. नव्या पिलास दोनतीन आठवडेपर्यंत स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. यंत्रातील पिलांस त्यासाठी दिव्याखाली पहिल्या आठवड्यात सुमारे 35 अंश उष्णता द्यावी लागते व पुढे ती हळूहळू उतरवावी लागते. कोंबडीच्या पंखांखाली पिलू थंडी वाटली की शिरते, उकडले की बाहेर येते. उकिरडा कसा उकरावा, कोणता किडा खावा, आकाशात घार फिरू लागली म्हणजे कोठे लपावे, हे सर्व पिले आईकडून शिकतात. परसात मोकळे हिंडून पोट भरावयाचे आहे अशा पक्ष्यास हे शिक्षण फारच मोलाचे होय.

आमचा यंत्राशी वैरभाव नाही. पुणे, नागपूर, कोल्हापूर येथील सरकारी उबवणी केंद्रांनी सुधारलेली पिले खेड्यापाड्यांत पोहोचविली, हा लाभ उघड आहे. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसासाठी म्हणून तयार केलेल्या वनराजा, ग्रामप्रिया ह्या जातींची अंडी देशी कोंबडीच्या दुपटीहून अधिक भरतात, हेही खरे आहे. पण ह्या कोंबड्या खुडूक होत नाहीत. आणि त्या संकरातून आलेल्या असल्यामुळे त्यांची पुढील पिढी त्याच गुणाची निघत नाही. दोन-अडीच वर्षांनी तो कळप म्हातारा झाला, की पुन्हा नवी पिले आणणे आले. संकरित बियाणे दर साली दुकानातून घ्यावे लागते, हे आपणांस सांगणे नलगे. आज मिळणाऱ्या अधिक अंड्यांच्या बदल्यात परसातील पक्ष्यांचेही घरचे बी आपण मोडून खात आहो, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

हे बी परक्याच्या हाती गेल्यास काय होते, त्याचा अनुभव फार जुना नाही. 2020 साली फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी खोटी अफवा पसरून पक्ष्यांचा बाजार कोसळला. पाठोपाठ टाळेबंदी आली आणि वाहतूक थंडावली. पिले विकत घेण्यावर ज्यांचा कळप अवलंबून होता, त्यांना मोटारींची वाट पाहावी लागली. ज्या घरी खुडूक कोंबडी होती, तेथील पिलांस कोणाचा परवाना लागला नाही. 2019 च्या विसाव्या पशुगणनेत देशातील परसातील पक्ष्यांची संख्या 31 कोटी 70 लाख भरली. 2012 च्या मानाने ती सुमारे 46 टक्क्यांनी वाढली होती. इतक्या मोठ्या संपत्तीची पैदास आपापल्या परसात होते की गाडीवरून येते, हा प्रश्न क्षुल्लक नव्हे.

आता दुसरी बाजू. विरोधकांचे एक म्हणणे आम्हांस पूर्ण मान्य आहे, ते हे की, रवणीतून निघालेली पिले जगत नाहीत. दहा पिले निघावी आणि महिन्याभरात तीन-चार उरावी, हा प्रकार घरोघरचा आहे. परंतु ह्याचे खापर कोंबडीच्या माथी फोडणे न्यायाचे नाही. ती तिचे काम चोख करते; आपले काम आपण करीत नाही. ते काम म्हणजे रवणीचे एकवीस दिवस आणि त्यापुढील चार आठवडे, अशी सात आठवड्यांची निगा.

अंड्यांपासून आरंभ करू. दहा कोंबड्यांमागे एक निरोगी, धट्टाकट्टा कोंबडा असावा. आणि तो त्याच कळपात जन्मलेला नसावा. रवणीसाठी मध्यम आकाराची, स्वच्छ, न तडकलेली अंडी निवडावी. ती थंड जागी, निमुळते टोक खाली करून ठेवावी, आणि आठ दिवसांहून जुनी घेऊ नयेत. उन्हाळ्यात तर चार दिवसांपलीकडे थांबू नये. कारण उष्ण हवेत गर्भ अर्धवट वाढू लागतो व मरतो. चैत्र-वैशाखातील रवण पुष्कळदा फसते ती ह्यामुळे. पावसाळ्यात ओलीमुळे पिलांस रक्ती हगवण लागते. म्हणून कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ सर्वांत उत्तम. देशी कोंबडीखाली तिच्या स्वतःच्या आकाराची दहा-बारा अंडी पुरेत. लोभाने सोळा ठेवली तर कडेची गारठतात व सगळीच बिघडतात.

रवणीची जागा काळोखी, शांत व मुंगूस-मांजरापासून सुरक्षित असावी. पाटीत बारीक माती व राख यांचा थर घालून त्यावर कोरडा पेंढा व कडुनिंबाचा वाळलेला पाला पसरावा. उवा-पिसवांनी बेजार झालेली कोंबडी अंडी टाकून उठते, म्हणून बसविण्यापूर्वी तिचे अंग तपासावे व जवळच राखमातीत लोळण्याची सोय ठेवावी. दाणापाणी तिच्याजवळ असणे फार महत्त्वाचे आहे. बांगलादेशातील बायका मातीचे हाजोल नावाचे एक घरटे करतात. त्याच्या कडेलाच दाण्यासाठी एक व पाण्यासाठी एक अशा दोन वाट्या बसविलेल्या असतात. त्यामुळे बसलेली कोंबडी फारशी रोडावत नाही आणि पुन्हा लवकर अंड्यावर येते. असले घरटे आपल्या कुंभाराकडून करून घेणे किंवा शाडूमातीने घरीच थापणे अवघड नाही.

सातव्या-आठव्या रात्री प्रत्येक अंडे काळोखात विजेरीसमोर धरून पाहावे. आता मोबाइलच्या उजेडानेही हे काम होते. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसल्या तर गर्भ वाढत आहे असे समजावे. अंडे काचेसारखे स्वच्छ दिसल्यास ते वांझ, व आत तांबडे कडे दिसल्यास गर्भ मेलेला. अशी दोन्ही अंडी काढून टाकावी. दोन कोंबड्या एकाच दिवशी बसविल्या तर एक मोठी सोय होते. पिले निघाल्यावर सर्व पिले रात्रीच्या वेळी एकीच्या पंखांखाली सारावी. ती त्यांस आपलीच मानते. दुसरी मोकळी होऊन थोड्याच दिवसांत अंडी घालू लागते. अंडी बुडतात ही तक्रार एवढ्याने निम्मी तरी मिटेल.

पहिले दोन दिवस पिलांच्या पोटात बलकाचा साठा असतो, म्हणून उशिरा फुटणाऱ्या अंड्यांसाठी कोंबडी थांबते. तिला घाईने उठवू नये. त्यानंतरचे चार आठवडे मात्र पिलांस परसात सर्रास सोडणे म्हणजे घार-कावळ्यांस निमंत्रण देणे होय. दिवसा मोठ्या डालग्याखाली, हलक्या उन्हात, जागा बदलीत ठेवावे. रात्री कोरड्या खुराड्यात घ्यावे. डालग्याच्या विणीत पिलू आत-बाहेर करील पण मोठी कोंबडी शिरणार नाही, अशी एक फट ठेवली आणि दाणा आत ठेवला, तर तो पिलांच्याच पोटी जातो. तांदळाची कणी, भरडलेली बाजरी वा मका यांबरोबर शेंगदाण्याच्या पेंडीचा भुगा द्यावा. वाळवीचा उपद्रव आपल्या शेतात आहेच, तिचाही उपयोग करून घ्यावा. मडक्यात ओला गोणपाट व वाळके शेण भरून ते वाळवीच्या वारुळाजवळ संध्याकाळी उपडे ठेवावे; काही दिवसांत ते वाळवीने भरते आणि पिलांना फुकट पौष्टिक खाद्य मिळते. पाणी उथळ थाळीत द्यावे व थाळीत खडे टाकावे, म्हणजे पिले बुडत नाहीत.

इतके करूनही मानमोडी आली, तर एका आठवड्यात खुराडे रिकामे होते. 1926 साली इंग्लंडातील न्यूकॅसल येथे व जावा बेटात प्रथम ओळखला गेलेला हा रोग लवकरच आपल्या देशात रानीखेत येथे आढळला, म्हणून त्यास आपल्याकडे रानीखेत म्हणतात. त्यावर औषध नाही, पण लस आहे, व ती स्वस्त आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात वा नाकात, आणि आठव्या आठवड्यात टोचणी, एवढ्याने पुष्कळ बचाव होतो. मग ती देत का नाहीत? कारण लसीची कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते, ती बर्फात आणावी लागते, आणि एकदा कालविली की दोन तासांच्या आत संपवावी लागते. दहा पिलांसाठी एवढा खटाटोप कोणी करावयाचा? आणि म्हणूनच गावोगावची पिले मरतात.

ह्या ठिकाणी एकेकट्या घराचे चालत नाही. येथे मंडळाचे काम आहे. आमची सूचना अशी की, प्रत्येक गावातील शाखेने कार्तिकात एक रवणीचा आठवडा ठरवावा. ज्या घरी खुडूक कोंबडी असेल त्या सर्वांनी त्या आठवड्यात तिला बसवावे. दहा-पंधरा घरांनी असे केले, तर गावात शंभर-दीडशे पिले एकाच सुमारास निघतील आणि एक कुपी एका सकाळी पुरी खपेल. ज्या घरी कोंबडी खुडूक आहे पण कोंबडा नाही, त्याने शेजाऱ्याची अंडी घ्यावी. ज्याच्याकडे चांगली अंडी आहेत पण कोंबडी खुडूक नाही, त्याने शेळी वाट्याने देतात तशी ती शेजारणीच्या कोंबडीखाली ठेवून पिले निम्मी-निम्मी वाटून घ्यावी. सुधारलेल्या जातीची वा कडकनाथाची अंडीही देशी कोंबडीखाली उबवून घेता येतील. मात्र सर्व कळपच सुधारलेल्या रक्ताचा करून टाकू नये. दोनचार अस्सल देशी माद्या उबवणीसाठी जपाव्या, नाहीतर पुढे बसावयास कोंबडी उरणार नाही.

सगळ्याच खुडूक कोंबड्या रवणीस बसवाव्या असेही आम्ही म्हणत नाही. जी स्थिर बसते, अंडी फोडीत नाही, मागील पिले जिने जगविली, तिलाच निवडावी आणि तिच्याच तलंगा पुढे ठेवाव्या. कारण मातृत्वाचा हा गुण वंशाने उतरतो. पिले वाढवून नुकतीच मोकळी झालेली कोंबडी लगोलग दुसऱ्यांदा बसवू नये. तिचे अंग भरू द्यावे. जिला बसवावयाचे नाही, तिची अंडी रोज उचलावी आणि तिला पेंढ्याशिवायच्या, खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात उजेडात दाणापाण्यासह ठेवावी. बहुधा चार-पाच दिवसांत तिची ओढ सुटते. पोटाखालची ऊब गेली की काम होते. त्यासाठी तिला पाण्यात बुडविण्याची किंवा नाकात पीस ओवण्याची मुळीच गरज नाही. हा छळ बंद व्हावा.

शेवटी एक गोष्ट. शेतीचा पैसा घरधन्याच्या हाती येतो व सोसायटीच्या हप्त्यात जातो. पण परसातील अंडी-कोंबडीचा पैसा बहुतेक घरी बाईच्या हाती राहतो. मुलाची वही, पाहुण्याचा पाहुणचार, अडल्यानडल्याचे औषध त्यांतून निघते. खुडूक कोंबडी हे त्या पैशाचे मूळ आहे. तिचा विचार पुरुषांच्या सभेत फारसा होत नाही, म्हणूनच ती घरातून निघून जात असता कोणास कळलेही नाही. मंडळाच्या येत्या बैठकीस सभासदांनी आपल्या घरच्या बायांस बरोबर आणावे, रवणीच्या आठवड्याची तारीख त्यांच्याच विचाराने ठरवावी आणि लसीची मागणी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आताच नोंदवावी, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.